परळची वाट आणि पुन्हा आलेले बोलावणे

आमच्या कराड-पाटण भागात एखाद्या आजारी माणसाची चौकशी केली आणि ‘त्यांना टाटाला नेलंय’ असे उत्तर आले, की विचारणारा गप्प होतो. रोगाचे नाव घ्यावे लागत नाही. मुंबईच्या परळ भागातील एका रुग्णालयाचे नाव आमच्याकडे रोगाचेच नाव होऊन बसले आहे. कुटुंबवैद्य म्हणून गेली सव्वीस वर्षे मी येथे काम करते आहे. या काळात परळच्या चिठ्ठ्या मी पुष्कळ लिहिल्या, आणि चिठ्ठी हाती पडताच माणसाचा चेहरा कसा उतरतो तेही पाहिले. परंतु परळला गेलेला प्रत्येक माणूस रोगी ठरून परत येत नाही. कित्येक जण केवळ एका शंकेचे उत्तर आणायला तेथे जातात आणि उत्तर घेऊन घरी येतात. त्यांच्याविषयी गावात बोलणे होत नाही, कारण बोलण्यासारखे काही घडलेले नसते.

गेल्या मार्गशीर्षात मी अशाच एका प्रवासात सोबत होते. मॅमोग्राफी झाल्यावर ‘आणखी तपासण्यांसाठी पुन्हा या’ असा निरोप ज्या घरी आला असेल, त्या घरातील ज्येष्ठ स्त्रीला आणि तिच्या सोबत्यांना त्या प्रवासातील काही गोष्टी उपयोगी पडतील असे वाटते.

शून्याचा अर्थ

माझ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, ६७ वर्षांच्या. मधुमेह आहे, पण गोळ्यांनी आटोक्यात. बाकी प्रकृती ठणठणीत. त्यांच्या महिला मंडळातील आठ-दहा जणींनी ठरवून मॅमोग्राफी करून घेतली. कोणाला गाठ लागत नव्हती, काही दुखत नव्हते. वय झाले म्हणून एकदा तपासून घ्यावे, एवढाच हेतू. चार दिवसांनी केंद्रातून फोन आला, तो मुलाने घेतला. डाव्या बाजूचे चित्र पुन्हा, मोठे करून पाहावे लागेल आणि ती सोय आमच्याकडे नाही, असा निरोप होता. मुलगा घाबरला आणि त्याने आईला काहीच सांगितले नाही. सुनेने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. रोज बातम्यांवरून आईशी हुज्जत घालणारा मुलगा एकाएकी तिला हवी ती मालिका लावू देऊ लागला. दुसऱ्याच दिवशी वन्संचा मला फोन आला. ‘वहिनी, माझ्या तपासणीत काहीतरी निघालंय. पोरगं माझ्याशी भांडेनासं झालंय.’

ज्येष्ठांपासून असे निरोप लपवावेत, त्यात त्यांचे हित आहे, अशी आपल्या घरांतून समजूत आहे. प्रत्यक्षात लपत काहीच नाही. घरातील आवाज बदलतो, जेवताना सारे गप्प होतात, फोन आला की कोणीतरी उठून बाहेर जातो. मग आजी स्वतःच अंदाज बांधू लागतात, आणि एकट्याने रात्री बांधलेला अंदाज कागदावरील मजकुरापेक्षा बहुधा भयंकर असतो. म्हणून त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि सर्वांना समोर बसवून अहवाल ओळीओळीने वाचून दाखवला.

अहवालाच्या शेवटी ‘बायरॅड्स ०’ असे लिहिले होते. मुलाने मोबाइलवर शोधून बरेच काहीबाही वाचले होते. वन्संचा प्रश्न मात्र सरळ होता. ‘शून्य म्हणजे काही नाही ना? मग परत कशाला बोलावलं?’

हा प्रश्न अनेकींना पडतो, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर देते. बायरॅड्स ही अमेरिकेतील रेडिऑलॉजी तज्ज्ञांच्या संस्थेने ठरवलेली श्रेणी आहे आणि आता आपल्याकडील बहुतेक मॅमोग्राफीच्या अहवालांत ती लिहिलेली असते. १ म्हणजे काही आढळले नाही. २ म्हणजे जे दिसले ते निरुपद्रवी आहे. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपेक्षा अधिक नाही, पण काही महिन्यांनी पुन्हा पाहावे. ४ म्हणजे शंका घेण्याजोगे, सुईने तुकडा काढून तपासावा. या श्रेणीत शक्यता अगदी थोडीही असू शकते आणि बरीचही, म्हणून तिचे अ, ब, क असे पोटभाग करतात. ५ म्हणजे दाट शंका. ६ म्हणजे निदान आधीच झालेले आहे. आणि ० म्हणजे तपासणी अपुरी आहे, निष्कर्ष काढण्याइतकी माहिती अजून हाती नाही. पेपर तपासून दिलेले हे शून्य गुण नव्हेत. पेपर अजून तपासूनच झालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तपासणी अपुरी राहण्याची कारणे बहुधा साधी असतात. स्तन दाबून त्याचे सपाट चित्र काढले जाते, तेव्हा आतील ऊती एकमेकींवर येऊन गाठीसारखी सावली पडू शकते. पाण्याची साधी गाठ असू शकते. काखेजवळची एखादी लसिकाग्रंथी चित्रात आलेली असते. चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, बारीक कण दिसतात, आणि ते कोणत्या प्रकारचे आहेत हे साध्या चित्रात कळत नाही. त्या दिवशी अंगाला पावडर किंवा डिओडरंट लावले असेल, तर त्याचे कणही कॅल्शियमसारखे दिसू शकतात. आणखी एक मोठे कारण म्हणजे तुलनेसाठी जुने चित्र नसणे. पहिल्यांदाच मॅमोग्राफी केलेल्या स्त्रीला पुन्हा बोलावण्याचे प्रमाण अधिक असते, कारण जे दिसते आहे ते वीस वर्षांपूर्वीचे आहे की कालचे, हे तज्ज्ञाला कळायला मार्ग नसतो.

आकड्यांचा आधार आणि त्याची मर्यादा

ब्रिटनमध्ये ठरावीक वयाच्या स्त्रियांना सरकारच मॅमोग्राफीला बोलावते. तेथील आरोग्यसेवा आपल्या माहितीपत्रकात सांगते, की तपासणी झालेल्या १०० स्त्रियांपैकी सुमारे ४ जणींना पुन्हा बोलावले जाते आणि त्या चौघींपैकी साधारण एकीला कर्करोग निघतो. अमेरिकेत पुन्हा बोलावण्याचे प्रमाण अधिक, १०० मध्ये सुमारे १० आहे. आणि त्या दहा जणींपैकी एकीलाही पुरता कर्करोग निघत नाही, इतके ते प्रमाण कमी आहे. दोन्ही देशांचा हिशेब एकच गोष्ट सांगतो. काही त्रास नसताना केलेल्या मॅमोग्राफीनंतर पुन्हा बोलावलेल्या स्त्रियांपैकी बहुतेकींना कर्करोग नसतो.

हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. आपल्याकडे देशभर सर्व स्त्रियांना मॅमोग्राफीला बोलावण्याची पद्धत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात प्रशिक्षित कर्मचाऱ्यांनी हाताने तपासण्यावर भर आहे. पुष्कळ स्त्रिया गाठ लागल्यावरच मॅमोग्राफीला जातात. ज्यांना हाताला गाठ लागते, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येतो, त्वचा आत ओढली गेली आहे किंवा संत्र्याच्या सालीसारखी झाली आहे, त्यांनी वरील आकड्यांवर विसंबून राहू नये. मॅमोग्राफीचा अहवाल स्वच्छ आला, तरी अशा लक्षणांची पुढची तपासणी झालीच पाहिजे, कारण काही गाठी मॅमोग्राफीत दिसत नाहीत.

वन्संना मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. ‘बहुतेक काही नसेल. पण बहुतेक या शब्दावर थांबायचं नाही, जाऊन बघायचं.’ त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, ‘मग तारीख घे. तारीख कळली की मला झोप लागेल.’

मधले दहा दिवस

परळलाच जायला हवे असे नव्हते. चित्र मोठे करून पाहण्याची आणि सुईने तपासणीची सोय आता पुण्या-कोल्हापुरातही आहे, आणि कोणाला तपासणीचे बोलावणे आले की त्याने मुंबईच गाठावी असे मी कधीच सांगत नाही. वन्संनी परळ निवडले, कारण त्यांचे मामेभाऊ लालबागला राहतात आणि त्यांचे स्वतःचे लहानपणही तेथेच गेले. आमचे सासरे परळच्या एका कापडगिरणीत कामाला होते. साताऱ्या-कोल्हापुराकडची अशी हजारो माणसे त्या काळी गिरणगावात होती. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गावी परतली, तसे तेही परतले.

तारीख दहा दिवसांनंतरची होती. हे मधले दिवसच अधिक कठीण असतात. वन्संनी पहिले दोन दिवस माळा आवरण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाई ओळखीच्या कोणाचे काय झाले ते सांगू लागल्या, तेव्हा त्यांनी शांतपणे विषय बदलला. चौथ्या दिवशी त्यांनी ठरवून टाकले, की ही गोष्ट घरातले चौघे आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक राहील. किती जणांना सांगायचे हे ज्या स्त्रीची तपासणी आहे तिनेच ठरवावे. कोणाला दहा जणांशी बोलून हलके वाटते, कोणाला एकाशी बोलणे पुरते.

वैद्य म्हणून मी तीन गोष्टींवर लक्ष ठेवले. मधुमेहाच्या आणि इतर नेहमीच्या गोळ्या चुकू दिल्या नाहीत, कारण काळजीच्या दिवसांत पहिली विस्मरते ती औषधाची वेळ. झोप येत नाही म्हणून कोणाच्या तरी डबीतील झोपेची गोळी घेऊ दिली नाही. उतारवयात त्या गोळ्यांनी रात्री तोल जातो, आणि नसलेल्या आजाराच्या भीतीपायी खुब्याचे हाड मोडून घेतलेली माणसे मी पाहिली आहेत. तिसरी गोष्ट उपवासाची. तपासणी नेमकी मार्गशीर्षातील गुरुवारी होती आणि वन्संचे महालक्ष्मीचे व्रत असते. मॅमोग्राफीला उपाशी राहावे लागत नाही. मधुमेही माणसाने तर प्रवासात मुळीच राहू नये. ‘देवीला मी सांगते,’ असे म्हणून त्यांनी त्या एका गुरुवारी पोटभर खाण्याचे कबूल केले.

त्यांच्यापाशी एक छोटी वही ठेवली होती. मनात येईल तो प्रश्न त्यात लिहायचा आणि मिटवून ठेवायचा. निघताना वहीत पाच प्रश्न होते. कोणत्या बाजूला, नेमके काय दिसले? आता काय करणार: नवे चित्र, सोनोग्राफी की सुई? उत्तर केव्हा आणि कोण सांगणार? माझ्या गोळ्यांपैकी कोणती अडचणीची आहे? आणि काही विचारायचे राहिले, तर कोणाला फोन करायचा? कोणत्याही वाचकाने हे पाच प्रश्न जसेच्या तसे उतरवून घ्यावेत.

रात्रीची गाडी

कराडचे स्टेशन गावापासून दूर, ओगलेवाडीला आहे. कोल्हापूरहून येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस तेथे रात्री उशिरा येते आणि सकाळी मुंबईत पोचवते. सोबत कोण असावे, यावर घरात थोडा वाद झाला. मुलाला यायचे होते. पण त्याची स्वतःचीच झोप उडालेली होती, आणि आईला आतल्या खोलीत तपासायला नेल्यावर त्याला बाहेरच बसावे लागले असते. सोबत्याचे काम धीर देण्याचे असते, त्याहून अधिक ऐकण्याचे आणि लिहून घेण्याचे असते. घाबरलेल्या माणसाला तज्ज्ञाच्या बोलण्यातील निम्मे ऐकूच येत नाही. शेवटी मी सोबत गेले आणि मुलगा सामान घेऊन आमच्याबरोबर आला.

सातारा गेल्यावर डब्यातले दिवे मालवले गेले. वन्सं जाग्याच होत्या. ‘वहिनी, टाटाच्या समोरच्या फुटपाथवरून आई आम्हाला नेत नसे,’ त्या हळू आवाजात सांगू लागल्या. ‘भाऊच्या वेळेला आई वाडियात होती. मी नऊ वर्षांची. लालबागहून डबा घेऊन रोज चालत जायची. वाटेत टाटा दिसायचं. तिकडे बघायचं नाही, असं आईनं बजावलं होतं. मी अजून तिकडे नीट बघितलेलं नाही.’

त्यांचा भाऊ म्हणजे माझे यजमान. ते परळच्या वाडिया प्रसूतिगृहात जन्मले हे मला ठाऊक होते. पण आपली नणंद गेली सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षे एका इमारतीकडे बघायचे टाळते आहे, हे मला त्या रात्री कळले.

परळ

पहाटे कर्जत-कल्याण मागे टाकून गाडी दादरला आली. लालबागला चहा घेऊन, आंघोळ करून आम्ही निघालो. पावडर लावायची नाही, हे वन्संच्या लक्षात होते. नेसायला साडी होती, ते बरेच झाले. मॅमोग्राफीत कमरेवरचेच कपडे काढावे लागतात.

परळच्या या एवढ्याशा टापूत मुंबईच्या वैद्यकाचा मोठा इतिहास एकवटला आहे. मुंबईच्या गव्हर्नरांचे जुने निवासस्थान येथे होते. प्लेगच्या साथीनंतर, १८९९ मध्ये, तेथे प्लेगवर संशोधन करणारी प्रयोगशाळा सुरू झाली, तीच आजची हाफकिन संस्था. १९२६ मध्ये केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि त्याच वर्षी नौरोसजी वाडिया प्रसूतिगृहही. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ चे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांना असे रुग्णालय आपल्या देशात व्हावे अशी तळमळ होती. पण पुढच्याच वर्षी तेही गेले आणि काम त्यांच्या विश्वस्तनिधीने पुरे केले. १९६२ पासून ही संस्था अणुऊर्जा विभागाकडे आहे.

याच रुग्णालयातील संशोधकांनी मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून एक मोठा अभ्यास केला. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांची स्तनतपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, केवळ हाताने केली. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. यंत्र जवळ नसले तरी शिकलेला हात किती मोलाचा आहे, हे त्यातून दिसले. माझ्या वाचक भगिनींनी वर्षातून एकदा आपल्या डॉक्टरांकडून ही तपासणी मागून घ्यावी. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

रस्त्यावर मात्र इतिहास आठवत नाही. औषधांची दुकाने, फाइली छातीशी धरलेली माणसे, तोंडाला मास्क लावलेली मुले, बंगाल-बिहारपासून आलेली कुटुंबे. ज्यांना जागा मिळत नाही ती फुटपाथवर अंथरूण टाकतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन अशा ठिकाणी अनेकांची सोय होते. पण येणारी माणसे त्याहून कितीतरी अधिक असतात. वन्सं रुग्णालयासमोर आल्यावर थांबल्या. इमारतीकडे त्यांनी बराच वेळ पाहिले. मग फुटपाथवर स्टोव्ह पेटवून भात शिजवणाऱ्या एका बाईकडे पाहिले. ‘माणसंच आहेत की सगळी,’ त्या म्हणाल्या. ‘आई कशाला घाबरत होती कोणास ठाऊक.’

चहाच्या कपातला गाळ

नोंदणी होऊन फाइल हातात येईपर्यंत सकाळ सरली. तपासणीची पाळी दुपारी आली. तंत्रज्ञ मुलीने मंगळसूत्र काढायला सांगितले. त्यांनी ते काढले आणि माझ्या हातात न देता स्वतःच्याच मुठीत धरायला मागितले. तिने ते हसून मान्य केले, फक्त मूठ चित्रात येऊ नये एवढे बघायला सांगितले. ज्यांचे गुडघे किंवा मान दुखते, ज्यांना उभे राहवत नाही, त्यांनी आधीच तसे सांगावे. ही तपासणी बसूनही करता येते. पेसमेकर असेल तर तेही सांगावे. दाब पडतो तो काही सेकंद. ‘पोळीसारखं लाटतात,’ असे वन्संनी नंतर वर्णन केले, ‘पण पोळी इतकी ओरडत नाही.’ किरणांचे प्रमाण अल्प असते. दोन्ही बाजूंच्या नेहमीच्या मॅमोग्राफीत जेवढे किरण मिळतात, तेवढे आपण निसर्गातून काही आठवड्यांत घेतच असतो. एखाद-दुसऱ्या जादा चित्राने काही बिघडत नाही.

बाकावर शेजारी लातूरकडच्या एक बाई आपल्या मुलीबरोबर बसल्या होत्या. त्यांनाही असेच पुन्हा बोलावले होते. दोघींनी आपापले डबे उघडले. वन्संनी त्यांना शेंगदाण्याची चटणी दिली, त्यांनी वन्संना धपाटे दिले. कोणत्या बाजूचे, हा प्रश्न दोघींनी एकमेकींना विचारला आणि दोघींनी ‘डावी’ असे उत्तर दिल्यावर त्या हसल्या.

आमचे उत्तर आधी आले. वन्संच्या चित्रातील कॅल्शियमचे कण अतिशय बारीक पाणगाठींमध्ये साचलेले होते. वरून घेतलेल्या चित्रात ते विखुरलेल्या ठिपक्यांसारखे दिसत. बाजूने, मोठे करून घेतलेल्या चित्रात ते प्रत्येक गाठीच्या तळाशी चंद्रकोरीसारखे बसलेले दिसले. डॉक्टरीणबाईंनी वन्संना ते पडद्यावर दाखवले. ‘आजी, चहाच्या कपात तळाला गाळ बसतो ना? तसा हा चुना बसलाय. याला काही करावं लागत नाही.’ सुई नाही, औषध नाही. श्रेणी २.

मला वाटले, वन्सं आता मोठ्याने देवीचे नाव घेतील. त्या काही बोलल्या नाहीत. बाहेर आल्या, मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि लातूरच्या बाईंशेजारी जाऊन बसल्या. त्यांना सुईची तपासणी सांगितली होती.

सुईने तुकडा काढला की रोग पसरतो, अशी भीती त्या बाईंच्या मुलीने बोलून दाखवली. ही भीती मी माझ्या दवाखान्यातही रोज ऐकते, म्हणून येथे स्पष्ट लिहिते: ही समजूत खरी नाही. निदान न करता गाठ घाईने कापून टाकली, तर मात्र पुढचे उपचार अवघड होऊ शकतात. सुईच्या तपासणीत जागा बधिर करतात, त्वचेवर लहानशी चीर घेऊन सुईने दोऱ्यासारखे तुकडे काढतात. बहुधा टाका लागत नाही आणि त्याच दिवशी घरी जाता येते. जागेवर थोडे काळेनिळे होते, दुखते. एक-दोन दिवस पाण्याची बादली किंवा नातवंड उचलू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर ते आधी सांगावे. पण त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, कारण हृदयासाठी किंवा मेंदूसाठी त्या जरुरीच्या असतात. अहवालाला काही दिवस लागतात. तो घ्यायला शक्यतो सोबत कोणाला घेऊन जावे.

त्या माय-लेकी आणि आम्ही फोन नंबर घेऊन निरोप घेतला. पंधरा दिवसांनी मुलीचा फोन आला. आईच्या अहवालात कर्करोग निघाला होता. गाठ लहान होती, काखेत पसरलेली दिसत नव्हती आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती. वन्संनी तिच्या आईशी अर्धा तास बोलणे केले. एकाच बाकावर, एकाच बाजूच्या शंकेने बसलेल्या दोन स्त्रियांपैकी एकीला एक उत्तर मिळाले आणि दुसरीला दुसरे. दुसरीही वेळेवर आली म्हणूनच तिच्या गाठीला ‘लहान’ हा शब्द लावता आला. ती भीतीने घरी बसली असती, तर उत्तर तेच राहिले असते. फक्त उशिरा कळले असते.

फार वय झालेल्यांसाठी

एक गोष्ट सोबत्यांसाठी वेगळी सांगायला हवी. घरातील आजी ८५ वर्षांच्या असतील, अंथरुणाला खिळलेल्या असतील किंवा त्यांना स्मृतिभ्रंश झालेला असेल, तर पुढच्या तपासणीचा आग्रह धरण्यापूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा: ‘या तपासणीत काही निघाले, तर आपण त्यांच्यासाठी काय करू शकणार आहोत, आणि ते त्यांना सोसेल का?’ उत्तर काहीच करता येणार नाही असे असेल, तर तपासणी न करणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. आजींना समजत असेल तेवढे त्यांना विचारावे. याउलट, ७५ वर्षांची स्त्री हिंडती-फिरती असेल, तर केवळ वयाकडे पाहून ‘आता कशाला’ म्हणणे योग्य नाही. वयाबरोबर स्तनातील घनता कमी होते, त्यामुळे ज्येष्ठ स्त्रियांचे मॅमोग्राफीचे चित्र वाचायलाही सोपे जाते, आणि लवकर सापडलेल्या लहान गाठीचे उपचार या वयातही पुष्कळदा चांगले सोसतात.

परतीच्या आधी वन्संनी मुलाला लालबागची चाळ दाखवली, गिरणीचा भोंगा जेथून ऐकू यायचा ती दिशा दाखवली आणि मामेभावाच्या बिऱ्हाडी एक दिवस मुक्काम वाढवून घेतला. घरी आल्यावर त्यांनी सर्व चित्रे आणि अहवाल एका मोठ्या पाकिटात घातले, पाकिटावर तारीख टाकली आणि ते घराच्या कागदपत्रांबरोबर कपाटात ठेवले. हेही मी सर्वांना सांगते. फिल्म असो वा सीडी, मॅमोग्राफीचे जुने चित्र कधी टाकून देऊ नये. पुढच्या वेळी तज्ज्ञ ते नव्या चित्राशेजारी ठेवून पाहतील, आणि तो चहाचा गाळ जुनाच आहे हे त्यांना तेथल्या तेथे कळेल. मग त्यासाठी पुन्हा बोलावणे बहुधा येणार नाही. आणि आलेच, तर वही, पाच प्रश्न आणि सोबतीला एक शांत माणूस घेऊन वेळेवर निघावे.